स्वतःचं प्रेमगीत चित्रपटाला देताना: हक्क, ट्रॅक आणि कात्री

दिग्दर्शकाचा फोन बहुतेक वेळा संकलन अर्ध्यावर आल्यावर येतो. ‘‘तुझं ते गाणं लावून बघितलं, फार मस्त बसतंय. शुक्रवारपर्यंत पाठवशील?’’ स्वतःच लिहिणाऱ्या, चाल लावणाऱ्या आणि गाणाऱ्याला वाटतं, पाठवायचं काय त्यात, एक फाइल तर आहे. प्रत्यक्षात त्या शुक्रवारपर्यंत दोन गोष्टी लागतात. गाण्यावर कुणाकुणाचा हक्क आहे ते सुटं करून दाखवणारे कागद, आणि आवाज नि वाद्यं सुटी करून दिलेले ट्रॅक. दोन्हीकडे घोडं अडतं ते एकाच कारणाने: एकट्याने रात्री बसून केलेलं गाणं एकजीव असतं, ते कुठून उसवता येईल याचा विचार कुणी केलेला नसतो.

एका माणसात चार जण

कॉपीराइट कायदा १९५७ प्रमाणे गाण्याचे शब्द ही साहित्यकृती, चाल ही संगीतकृती (कायद्यातल्या संगीतकृतीच्या व्याख्येत शब्द येतच नाहीत), आणि त्या दोन्हींचं जे मुद्रण झालं ते ध्वनिमुद्रण ही तिसरी कृती. चौथा हक्क गायक-वादकाचा, म्हणजे सादरकर्त्याचा. तुम्ही एकटेच असलात तरी कागदावर चार जण आहात: गीतकार, संगीतकार, गायक आणि मुद्रणाचा निर्माता. चित्रपटवाल्याला दृश्यामागे गाणं लावायचं तर शब्द आणि चालीसाठी एक परवानगी लागते, तिला धंद्यात सिंक लायसन्स म्हणतात. तुमचंच मुद्रण वापरायचं असेल तर मास्टरची, म्हणजे त्या मूळ मुद्रणाची, परवानगी वेगळी.

हा फरक पैशात किती पडतो ते अमेरिकन गायिका-गीतकार डॉली पार्टनच्या ‘आय विल ऑल्वेज लव्ह यू’वरून कळतं. हे गाणं तिने १९७३ मध्ये लिहिलं, १९७४ मध्ये ते प्रसिद्ध झालं. एल्व्हिस प्रेस्लीला ते गायचं होतं, पण त्याच्या व्यवस्थापकाने प्रकाशन-हक्काचा, म्हणजे शब्द-चालीवरच्या हक्काचा, अर्धा वाटा मागितला आणि तिने नकार दिला. १९८२ मध्ये एका चित्रपटासाठी तिने ते स्वतः पुन्हा गायलं. १९९२ मध्ये ‘द बॉडीगार्ड’मध्ये व्हिटनी ह्यूस्टनने गायलं आणि ते अमेरिकेतल्या बिलबोर्डच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत १४ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं. त्या मुद्रणात आवाज डॉलीचा नाही, मास्टर तिचा नाही, वाद्यमेळ संगीत-निर्माता डेव्हिड फॉस्टरचा. पण शब्द आणि चाल पूर्णपणे तिच्याकडे होती, म्हणून परवानगी तिच्याकडून घ्यावी लागली आणि रॉयल्टीही तिच्याकडे गेली. अर्धा वाटा विसेक वर्षांपूर्वी देऊन टाकला असता तर हिशेब वेगळा झाला असता.

तेव्हा पहिल्याच फोनवर विचारा: माझंच मुद्रण वापरणार, की दुसऱ्या गायकाकडून गाऊन घेणार? दुसऱ्याकडून गाऊन घेतलं तर मास्टरचे पैसे तुम्हाला मिळत नाहीत, शब्द-चालीचे तेवढेच मिळतात. भाव करताना ते लक्षात ठेवायचं.

आधी घर तपासा

फोन येण्याच्या आधी करायचं काम हे आहे, आणि नेमकं हेच राहतं.

शब्द खरोखर तुमचे आहेत का? आपल्याकडे कवितेला चाल लावून गाण्याची जुनी सवय. मैफलीत ते खपून जातं, चित्रपटात नाही. कवीच्या निधनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं हक्क चालू राहतो. बालकवी १९१८ मध्ये गेले, त्यांच्या कवितेला कुणाची परवानगी लागत नाही. कुसुमाग्रज १९९९ मध्ये गेले, म्हणजे २०५९ संपेपर्यंत वारसांची लेखी परवानगी हवी. एक कडवं घेतलं काय किंवा ध्रुवपदातली एक ओळ घेतली काय, नियम तोच.

गिटार, बासरी, तबला वाजवायला आलेल्या मित्राकडून एका पानाचा कागद घ्या. त्यात गाण्याचं नाव, मुद्रणाची तारीख, मिळालेलं मानधन आणि ‘हे वादन चित्रपटासह दृकश्राव्य माध्यमात वापरण्यास माझी संमती आहे’ एवढं वाक्य पुरे. ‘जेवणावर वाजवलं’ असेल तरी कागद घ्याच. मित्राने सुरुवातीची धून स्वतः बांधली असेल आणि तीच गाण्याची ओळख झाली असेल, तर तो नुसता वादक राहिला का, हा प्रश्न तेव्हाच मिटवून टक्केवारी लिहून ठेवावी. पुढे गाणं चाललं की मैत्रीत तो विषय काढणं जड जातं.

स्टुडिओमालकाने मुद्रण फुकटात करून दिलं असेल तर मास्टरची मालकी कुणाची ते लिहून घ्या. कायदा मुद्रणाचा निर्माता त्यालाच मानतो, ज्याने ते घडवून आणण्याचा पुढाकार नि जबाबदारी घेतली. ऑनलाइन विकत घेतलेली तयार बीट (ताल-वाद्यांचा आयता ट्रॅक) असेल तर तिचं लायसन्स वाचा. स्वस्तातल्या भाडेतत्त्वाच्या बीटवर चित्रपटाची परवानगी बहुधा नसते.

आणि वितरक. गाणं स्ट्रीमिंगवर चढवताना ज्या अटींवर टिचकी मारली, त्यांत सिंकचे हक्क ‘एक्सक्लुझिव्ह’ म्हणून दिले गेलेत का ते बघा. असले तर तुम्ही सही करूच शकत नाही.

कॉपीराइट नोंदणीशिवायही मिळतो, नोंदणी हा पुरावा असतो. साहित्यकृतीला ५०० रुपये, संगीतकृतीला ५००, ध्वनिमुद्रणाला २,००० रुपये शुल्क आहे, आणि अर्जानंतर हरकतीसाठी ३० दिवसांची मुदत असते. आयपीआरएस ही १९६९ मध्ये स्थापन झालेली गीतकार-संगीतकारांची संस्था. तिचं सदस्य व्हा, पण सदस्यत्वाच्या करारात कोणते हक्क तिच्याकडे जातात आणि सिंक कुणाकडे राहतो हे वाचून मगच सही करा. गाणं नोंदवताना गीतकार म्हणून आणि संगीतकार म्हणून, दोन्ही ठिकाणी स्वतःचं नाव घाला. एकाच रकान्यात भरून दुसरा मोकळा सोडणारे पुष्कळ आहेत.

ट्रॅक कसे द्यायचे

संकलकाला मिक्स झालेली एकच एमपीथ्री देणं म्हणजे शिंप्याला शिवलेला सदरा देऊन ‘यातून झबलं काढ’ म्हणण्यासारखं. द्यायचं ते असं:

पूर्ण मिक्स, आवाजाशिवायचा मिक्स, नुसता आवाज, आणि स्टेम, म्हणजे मुख्य आवाज, साथीचे आवाज, गिटार, पियानो किंवा हार्मोनियम, तारवाद्यं, बास, तालवाद्यं हे प्रत्येकी स्वतंत्र. सगळ्या फाइल एकाच क्षणापासून सुरू झाल्या पाहिजेत. बासरी दुसऱ्या कडव्यात येत असली तरी तिच्या फाइलमध्ये आधीची दोन मिनिटं शांतता असू द्या. एका रेषेत मांडल्या की आपोआप जुळल्या पाहिजेत. मुख्य आवाज दोनदा द्या, रिव्हर्बसह (म्हणजे घुमाऱ्यासह) आणि कोरडा. कोरडा का, ते पुढे कात्रीच्या भागात येईल.

फाइल २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ वेव्ह. स्ट्रीमिंगसाठीची गाणी बहुधा ४४.१ वर असतात, चित्रपट ४८ वर चालतो. रूपांतर तुमच्या मिक्स करणाऱ्याकडूनच करून घ्या. ४४.१ ची फाइल रूपांतर न करता कुणी ४८ म्हणून वाजवली तर गाणं जवळजवळ ९ टक्के वेगाने पळतं आणि सुमारे पाऊण स्वराने चढतं. चार मिनिटांचं गाणं तीन मिनिटं चाळीस सेकंदांत संपतं. गंमत अशी की गाणं पहिल्यांदाच ऐकणाऱ्याला हे कळत नाही, त्याला वाटतं गायिकेचा आवाज जरा कोवळा आहे. म्हणून सोबतच्या टिपेत गाण्याची नेमकी लांबी मिनिट-सेकंदात लिहा. पडताळणीचा तो सगळ्यात सोपा मार्ग.

स्ट्रीमिंगसाठी दाबून मोठा केलेला मास्टर चित्रपटाला नको. मास्टर बसवरचा (सगळे ट्रॅक एकत्र येतात तिथला) लिमिटर, म्हणजे टोकं दाबणारं साधन, काढा, आवाजाची टोकं उणे ६ डेसिबलच्या आसपास ठेवा. ध्वनिमिश्रण करणाऱ्याला संवादाखाली गाणं वर-खाली करायला जागा लागते. आधीच भिंतीसारखं सपाट केलेलं गाणं कमी केलं की नुसतं लांब गेल्यासारखं वाटतं.

टिपेत आणखी तीन गोष्टी हव्यात: लय (मिनिटाला किती मात्रा), पट्टी, आणि सूर कशाला लावला होता ते. ‘काळी चार’ एवढं पुरत नाही. जुन्या हार्मोनियमला लावून गायलं असेल तर सूर ४४० हर्ट्झच्या प्रमाण सुरापासून थोडा सरकलेला असतो. पुढे पार्श्वसंगीतकाराने तुमच्या गाण्यातून बाहेर पडणारा व्हायोलिनचा सूर ४४० वर बांधला, तर सांध्यावर दोन्ही एकमेकांना ओरबाडतात.

शब्दांचं पूर्ण पान द्या, मुद्रणात न घेतलेल्या कडव्यासकट. ‘बॉडीगार्ड’च्या वेळी फॉस्टरच्या हाताशी लिंडा रॉन्स्टॅटचं १९७५ चं मुद्रण होतं आणि त्यात शेवटचं कडवं नव्हतं. ते आहे, हे डॉलीकडून कळल्यावर घेतलं गेलं.

फाइलची नावं मात्र रोमन अक्षरांत, मध्ये जागा न सोडता. देवनागरी नावं काही यंत्रांवर चौकोन होऊन उघडतात आणि मग बासरी कुठली नि बास कुठला हे शोधत बसावं लागतं.

कात्री कुठे लागते

चित्रपट सेकंदाला २४ फ्रेमने चालतो. लय ६० असेल तर एक मात्रा २४ फ्रेमची, ७२ असेल तर २०, ८० ला १८, ९० ला १६. सेकंदाला २५ फ्रेमचं काम असेल तर ७५ ची लय २० फ्रेमवर नेमकी बसते. ७० किंवा ७७ अशी लय फ्रेमवर पुरी बसत नाही. त्याने आकाश कोसळत नाही, संकलक सांभाळून घेतो. पण गाणं अजून मुद्रित व्हायचं असेल आणि चित्रपटात जावं अशी इच्छा असेल, तर ७१ ऐवजी ७२ घ्यायला जातं काय?

एक दृश्य जवळून बघू. गाणं दादऱ्यात, लय ९०. सहा मात्रांचं एक आवर्तन बरोबर ४ सेकंदांचं, ९६ फ्रेमचं. दृश्य ६८ सेकंदांचं, म्हणजे १७ आवर्तनं. दोघं एसटी स्टँडवर बसलीत, ३२ व्या सेकंदाला ती बोलायला लागते आणि ४८ व्या सेकंदाला थांबते. पहिली ४ आवर्तनं नुसती गिटार. पुढची ४ मुखडा. ३२ व्या सेकंदाला समेवर आवाजाचा स्टेम बंद, संवादाखाली ४ आवर्तनं परत गिटार. ४८ ला मुखडा पुन्हा, ४ आवर्तनं. ६४ ला शेवटची तार छेडलेली, आणि उरलेल्या एका आवर्तनात ती विरत जाते. मूळ गाण्यात मुखड्यानंतर लगेच अंतरा असला तरी हे जमतं, कारण आवाज सुटा आहे.

यात बिघडतं ते तीन ठिकाणी. मुखड्याच्या शेवटच्या अक्षरावरचा रिव्हर्ब ३२ व्या सेकंदाच्या पलीकडे सांडलेला असतो. समेवर कापला तर आवाज दारात बोट सापडल्यासारखा तुटतो. कोरडा आवाज हाताशी असेल तर मिश्रण करणारा स्वतःचा रिव्हर्ब लावून शेपूट नीट सोडतो. दुसरं, तबलजीने मुखडा संपताना तिहाई घेतलेली असते. तिहाई समेवर येऊन पडते आणि नेमकी नायिकेच्या पहिल्या शब्दावर आदळते. तिथे साधा ठेका असलेला पर्यायी तालाचा ट्रॅक देऊन ठेवा. तिसरं, गाणं क्लिकशिवाय, म्हणजे कानात लयीचा ठोका न ठेवता, गायलेलं असतं. प्रेमगीतात ते शोभतंही, पण मग ४८ वं सेकंद समेवर येत नाही. क्लिक नकोच असेल तर मुद्रणानंतर प्रत्येक समेवर खूण करून लयीचा नकाशा सोबत द्या.

गाण्याचा कट समेवर मारावा, चित्राचा कट मात्र समेवर मारायचा हट्ट धरू नये. प्रत्येक समेवर चित्र बदलायला लागलं की लग्नाचा व्हिडिओ दिसतो.

संवाद चालू असताना गाण्यातले शब्दही चालू ठेवायचा मोह दिग्दर्शकांना होतो. दोन्ही भाषा मराठी, दोन्ही आवाज माणसाचे, कान दोन्हींकडे धावतो आणि एकही धड ऐकू येत नाही. आवाज ५ डेसिबल उतरवून हे सुटत नाही, त्याने नुसती कुजबूज होते. शब्द काढा, वाद्य ठेवा, आणि गिटारमध्ये २ ते ३ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात २-३ डेसिबलची खळगी पाडा, संवादाची व्यंजनं तिथे बसतात. उलट, दृश्यात कुणी बोलत नसेल तर सुरुवातीला वाद्यही नको. व्हिटनीच्या मुद्रणात पहिला पाऊण मिनिटभर फक्त आवाज आहे, आणि शेवटाकडे ड्रमचा एक ठोका पडून पट्टी वर जाते. त्या ठोक्याआधीची शांतता नसती तर तो ठोका इतका लागला नसता.

शेवट दोन प्रकारे द्या: हळूहळू विरणारा, आणि शेवटच्या सुरावर स्वच्छ थांबणारा. विरणारा शेवट दृश्याच्या मधोमध उपयोगी नाही.

गाणं दृश्यातच वाजत असेल तर

चहाच्या टपरीवरच्या रेडिओत, रिक्षात, मोबाइलच्या रिंगटोनमध्ये. ‘बॉडीगार्ड’मध्ये हेच गाणं आधी ज्यूकबॉक्सवर जॉन डो या गायकाच्या आवाजात वाजतं आणि पात्रं त्यावर नाचतात. नंतर तेच नायिकेच्या तोंडी येतं तेव्हा प्रेक्षकाला ते ओळखीचं असतं. तुमच्या गाण्याला अशी दोन रूपं शक्य असतील तर सुचवा. दोन वापर, दोन क्यू (म्हणजे संगीत वाजतं त्या दोन जागा), करारात दोन ओळी.

अशा वापराची परवानगी चित्रीकरणाआधी पक्की हवी. पात्रं ओठ हलवतात, पाय ठेक्यावर पडतात, मागून गाणं बदलणं महागात जातं. सेटवर गाणं वाजवून तालीम करावी आणि संवाद सुरू झाला की ते बंद करावं. नाहीतर गाणं संवादाच्या मायक्रोफोनमध्ये शिरतं आणि मग प्रत्येक कटला ते उड्या मारतं. नाचणाऱ्यांना लय हवी असेल तर ३०-४० हर्ट्झच्या पट्ट्यातला नुसता धपधप ठोका वाजवतात, तो नंतर गाळून टाकता येतो. रेडिओचा आवाज तुम्ही आधीच चेपून देऊ नका. स्वच्छ ट्रॅक द्या, ३०० हर्ट्झच्या खालचं आणि ३-४ किलोहर्ट्झच्या वरचं मिश्रणाच्या वेळी छाटतात.

करारनामा

व्हॉट्सअ‍ॅपवर ‘हो, वापरा’ लिहू नका. लायसन्स लेखी लागतं, आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचा तो ‘हो’ही लेखीच आहे.

करारात काय हवं ते कायद्याचं कलम १९ सांगतं: कोणती कृती, कोणते हक्क, किती काळ, कोणता प्रदेश, किती रक्कम. काळ लिहिला नाही तर ५ वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नाही तर भारत. एका वर्षात हक्क वापरला नाही तर तो परत येतो, पण करारात वेगळं लिहिलं नसेल तरच. म्हणून ‘वापर न झाल्यासही हक्क कायम’ असं वाक्य कुठे दडलंय का ते शोधा. विक्री आणि परवाना यांतला फरक शब्दात असतो: ‘हस्तांतरण’ म्हणजे गाणं गेलं, ‘विनाएकाधिकार परवाना’ म्हणजे गाणं घरी राहिलं. आधी तयार असलेल्या गाण्याचं हस्तांतरण मागण्याचं निर्मात्याला काही कारण नाही.

पुढे वापराचा तपशील. किती सेकंद, पार्श्वभूमीला की ठळकपणे, श्रेयनामावलीवर की दृश्यात. चित्रपटगृह, ओटीटी, टीव्ही हे सुटं लिहा. ट्रेलर वेगळा, त्याचे पैसे वेगळे. ट्रेलरमधले ३० सेकंद चित्रपटातल्या तीन मिनिटांपेक्षा जास्त कानांवर पडतात. साउंडट्रॅक म्हणून गाणं पुन्हा प्रसिद्ध करायचं तर तो तिसरा हक्क. हिंदी डबिंगमध्ये शब्दांचं भाषांतर करायचं तर तुमची वेगळी परवानगी. शब्द बदलायचे नाहीत, लांबी कमी करता येईल पण दुसऱ्या गाण्याशी जोडता येणार नाही, हेही घाला. कलम ५७ ने नाव मिळण्याचा आणि कृतीची विकृती रोखण्याचा हक्क लेखकाला आहेच, पण करारात असलं की न्यायालयापर्यंत जावं लागत नाही.

‘सर्व हक्क, विश्वभर, कायमस्वरूपी, रॉयल्टीसह’ हा तयार मसुद्यातला परिच्छेद हमखास समोर येतो. २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराला रॉयल्टीचा समान वाटा घेण्याचा हक्क सोडून देता येत नाही. चित्रपटगृहात चित्रपटासोबत होणाऱ्या वापराला हे लागू नाही. टीव्ही, स्ट्रीमिंग, रेडिओ यांना लागू आहे. हा हक्क फक्त वारसांना किंवा कॉपीराइट संस्थेला देता येतो. निर्मात्याला हे शांतपणे सांगा. बऱ्याचदा त्याने मसुदा वाचलेलाच नसतो.

रकमेला ठरलेला दर नाही. छोट्या बजेटच्या चित्रपटाशी पायरीपायरीने करार करणं दोघांच्या सोयीचं: आता फक्त महोत्सवांसाठी एक वर्ष, अमुक रकमेत, चित्रपटगृहात लागला तर तमुक, ओटीटीला विकला तर आणखी इतके. पुढच्या रकमा आत्ताच लिहायच्या, कारण ओटीटीचा करार हातात आल्यावर निर्माता घाईत असतो आणि तुम्ही चढे भाव मागता, मग गाणंच काढून टाकलं जातं. अर्धी रक्कम सहीच्या वेळी, उरलेली प्रदर्शनाआधी. ‘प्रदर्शनानंतर’ ही तारीख नसते. शब्द, चाल आणि मास्टर तिन्ही तुमचंच असेल तर ते पहिल्याच मेलमध्ये सांगा. एकाच सहीत काम होणार, हे घाईतल्या निर्मात्याला मोठं आमिष असतं.

प्रदर्शनाच्या आसपास

गाणं वितरकामार्फत यूट्यूबच्या कंटेंट आयडीत, म्हणजे गाणी आपोआप ओळखणाऱ्या यंत्रणेत, गेलेलं असतं. चित्रपटाचा ट्रेलर चढला की काही मिनिटांत तुमच्याच नावाने त्यावर दावा लागतो आणि निर्मात्याचा रागावलेला फोन येतो. ट्रेलरच्या आठवडाभर आधी निर्मात्याच्या चॅनेलचा दुवा मागून वितरकाकडे ते चॅनेल मोकळं करण्याची विनंती टाका. रविवारी कुणी उत्तर देत नाही.

क्यू शीटची प्रत मागून घ्या. त्यात प्रत्येक वापराची ओळ असते: गाण्याचं नाव, गीतकार, संगीतकार, प्रत्येकाची टक्केवारी, किती सेकंद, कोणत्या प्रकारचा वापर. टीव्हीवरच्या रॉयल्टीचा हिशेब यावरून होतो. संगीतकाराच्या रकान्यात चित्रपटाच्या पार्श्वसंगीतकाराचं नाव पडणं ही नेहमीची चूक. ती वाईट हेतूने होत नाही, भरणारा मुलगा वरच्या ओळीतलं नाव खाली ओढतो. आयपीआरएसमध्ये जसं नाव आहे तसंच शीटवर हवं, रोमन लिपीत ‘Sai’ आणि ‘Saee’ ही दोन वेगळी माणसं होतात. मुद्रणाचा आयएसआरसी क्रमांक, म्हणजे त्या मुद्रणाची ओळख-संख्या, तुमच्या वितरकाकडे असतो, तोही घाला.

अंतिम मिश्रण एकदा ऐकायला मागा. चित्रपटगृहात नाही तर निदान स्टुडिओत, हेडफोनवर नको. श्रेयनामावलीचा स्क्रीनशॉट छपाईआधी मागा, कारण डीसीपी (चित्रपटगृहात दाखवायची अंतिम डिजिटल प्रत) बनल्यावर एक वेलांटी दुरुस्त करायची तरी फाइल पुन्हा बनवावी लागते. आणि स्टेमची एक प्रत, मुद्रणाची मूळ सेशन आणि सह्यांचे कागद एकाच डिस्कवर ठेवा. ‘धमाका’ या हिंदी चित्रपटात वापरलं गेलेलं गायक-गीतकार प्रतीक कुहाडचं ‘कसूर’ त्याच्या वर्षभर आधी, २०२० मध्ये, स्वतंत्र गाणं म्हणून आलेलं होतं. डॉलीच्या गाण्याला व्हिटनीपर्यंत पोचायला अठरा वर्षं लागली. दरम्यान लॅपटॉप चार वेळा बदलतो.